घेतं का सोडतं?

तुमचा प्रश्न अजून बोर्डावर पडून आहे.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. तुमचे थोरले भाऊ मला शहापूरला न्यायला आले आहेत आणि उद्या सकाळी टेम्पो दारात लागेल. कपाट बांधून झालं, भांडी पोत्यात गेली, भिंतीवरचे देव मी स्वतः धोतराच्या पानात गुंडाळले. राहिलं आहे ते फक्त खिडकीपाशी ठेवलेलं स्टूल आणि त्यावरचा तुमचा बॅकगॅमनचा बोर्ड, तुम्ही सोडून गेलात तसाच. तेरवीला पंगतीला जागा पुरत नव्हती म्हणून आपली सुनंदा तो मिटायला गेली, तर मी पोटच्या लेकीवर अशी ओरडले की आचारी झारा घेऊन बाहेर आला. "हात लावू नोको त्याले!" सगळ्यांना वाटलं, दुःखानं बाईचं डोकं फिरलं. फिरलंही असेल. पण मांडलेला बोर्ड टेम्पोत जात नाही. उद्या तो मिटावा लागणार, आणि त्याआधी मला उत्तर द्यावं लागणार. म्हणून रिकाम्या घरात, पोत्यावर बसून, हे लिहिते आहे.

सुनंदा हे वाचेल. तिला या खेळाचं डोकं नाही आणि तुम्ही तिला कधी धड शिकवलंही नाहीत, म्हणून तिच्यासाठी थोडं सांगावं लागेल. तुम्ही जरा दम धरा. तुम्हाला आता कसली घाई आहे?

लग्न होऊन मी चिखल्याला आले तेव्हा मला इथे करमत नव्हतं. भंडाऱ्याला आमचं पितळेच्या भांड्यांचं दुकान, मागच्या अंगणात सकाळपासून हातोड्यांचा ठणठणाट. त्या आवाजात वाढलेली मी या कॉलनीत आले तर काय, भोंगा वाजायचा, माणसं खाणीत जायची, की पुढे सगळा शुकशुकाट. मी बोलेनाशी झाले. तुम्ही कधी "काहून बोलत नाई?" असं विचारलं नाहीत. एक दिवस क्लबातून लाकडी पेटी काखेत मारून आलात. जुन्या साहेबांच्या वेळची, कपाटात पडून होती, कुणाला खेळता येत नव्हतं, सेक्रेटरी म्हणाला घेऊन जा. उघडली तर आत लाल-काळ्या त्रिकोणांचा बोर्ड, दोन रंगांच्या सोंगट्या, फासे, आणि फासे हलवायचे चामड्याचे दोन डबे, उंदरांनी कुरतडलेले. ते मी फेकून दिले आणि बापाच्या दुकानातले दोन पितळी पेले आणले. तेव्हापासून आपल्या घरात फासे पितळेत वाजायचे. खण् खण् खण्. शेजारच्या सुमनबाईला भिंतीपलीकडून कळायचं की यांचा खेळ बसला. मला मात्र आपल्या अंगणात आल्यासारखं वाटायचं. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. तुम्हाला वाटत राहिलं की मला खेळाचीच गोडी लागली.

पेटीत एक जास्तीचा फासाही होता, मोठा, आणि त्यावर ठिपक्यांऐवजी आकडे: दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. नियमांचं इंग्रजी चोपडं वाळवीनं अर्धं खाल्लेलं. चित्रात तो फासा बोर्डाच्या मधल्या पट्टीवर ठेवलेला दिसत होता, चौसष्ट वर करून. झालं. तुम्ही ठरवलंत की प्रत्येक डाव चौसष्ट गुणांचा. तो अख्खा हिवाळा आपण चौसष्ट-चौसष्ट गुणांनी हरलो आणि जिंकलो. तुम्ही लखपती झालात, मी कंगाल. मग एक दिवस तांदूळ निवडताना माझ्या डोक्यात आलं, की दुप्पट करायचा हा फासा, तर चौसष्टची दुप्पट यावर आहे कुठे? म्हणजे सुरुवात एकापासून. एक लिहायला जागा नाही म्हणून बिचारा चौसष्टवर बसवतात. मी तशीच तांदळाचे हात घेऊन तुम्हाला सांगायला आले. तुम्ही खूप वेळ त्या फाशाकडे पाहत राहिलात, मग म्हणालात, "म्हंजे माहे लाख गेले?" इतकं मी लग्नानंतर पहिल्यांदाच हसले. त्या दिवसापासून त्याचं नाव चौसष्ट्या.

सुनंदा, खेळ साधा आहे. आपल्या सोंगट्या फिरवून घरी आणायच्या आणि बाहेर काढायच्या, ज्याच्या आधी निघाल्या तो जिंकला, एक गुण. खरी गंमत चौसष्ट्याची. डाव चालू असताना, आपले फासे टाकायच्या आधी, ज्याला वाटतं की आपली बाजू वर आहे तो चौसष्ट्या उचलतो, दोनचा आकडा वर करून समोर सरकवतो आणि विचारतो: घेतं का सोडतं? समोरच्यानं सोडला, तर डाव तिथेच संपला, एक गुण गेला. घेतला, तर डाव दोन गुणांचा होतो, आणि चौसष्ट्या त्याच्याकडे जातो. पुढे फिरून दुप्पट करायचा हक्क त्याचा.

केव्हा घ्यायचा आणि केव्हा सोडायचा, हे तुम्ही मला थाळीत लाखोरी डाळीचे दाणे मांडून शिकवलंत. "पाय वो. चारदा सोडलं तं चार दाणे गेले. चारदा घेतलं, तीनदा हारली, एकदा जितली. सहा गेले, दोन आले. म्हंजे चारच गेले ना? मंग चारात एक डाव जिकासारखा असला तं घ्याचा. त्याच्याहून कमी असला तं सोडाचा." मला ते दाण्यांत दिसलं आणि कायमचं कळलं. पण कळणं वेगळं आणि हाताला येणं वेगळं. चारात एक तर सोडाच, चारात दोन असले तरी मी सोडायचे. एक गुण गेला तर गेला, दोन कशाला घालवू? तुम्ही "पळपुटी" म्हणायचात, आणि माझी सोंगटी हातात घेऊन "कशी पळाली, कशी पळाली" करत बोर्डावरून धावडवायचात.

आणि तुम्ही? तुम्ही सगळंच घ्यायचात. खाणीवर तुम्ही वाइंडर, शाफ्टमधून माणसांचा पिंजरा खाली-वर करणारं इंजिन तुमच्या हातात. तिथे एवढे सांभाळून वागायचात की लोक म्हणत, हा माणूस इंजिनावर बसला असला की पिंजऱ्यात झोप लागते. घरी आलात की तोच माणूस जुगारी. चारात एक काय, दहात एक नसला तरी, "घेतला!" आणि एकदा तर तुमच्या दोन सोंगट्या मेलेल्या, माझ्या निम्म्या बाहेर निघालेल्या, अशा डावातही घेतलात आणि वर जिंकलात. त्या दिवशी मी पेला भिंतीवर फेकला. त्याला पोचा आला तो अजून आहे. तुम्ही तो पेला उचलून म्हणालात, आता हा माझा. पुढे नेहमी त्याच पेल्यातून फासे टाकलेत.

आपल्या घरचा एक नियम मात्र चोपड्यात नव्हता. दुप्पट टाकल्यावर उत्तर येईपर्यंत दोघांनीही जागेवरून उठायचं नाही. तो तुम्ही खाणीतून आणलात. "खालून घंटा आली का लिव्हरवरचा हात काढाचा नाई. पिंजऱ्यात माणसं टांगून रायते. दुप्पट म्हंजे घंटा." दूध उतू गेलं, सुनंदा पाळण्यात रडली, एकदा तर टपालवाला दारात उभा राहून परत गेला, पण नियम मोडला नाही. तरी बरं, बहुतेक मीच सोडायचे, आणि लवकर सोडायचे, म्हणून आपला संसार निभला.

आता नागपूर.

पोटातल्या गाठीचं कळलं आणि आपण त्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. ते चांगले होते, मला खुर्ची दिली. म्हणाले, ऑपरेशन करता येईल, पण जड आहे, टेबलावरून उठतीलच असं सांगत नाही. नाही केलं तर काही महिने, आणि त्यातले बरेचसे बरे जातील. मी तोंड उघडायच्या आधी तुम्ही विचारलंत, "डॉक्टरसाहेब, चारात एक तरी धरू का जी?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाले, "तेवढंही मी म्हणणार नाही."

तुम्ही मान हलवलीत, बाजारात भाव विचारून पुढे निघाल्यासारखी. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीपाशी बसलात, फुटाण्याची पुडी मांडीवर. मी म्हणाले, ऑपरेशनची तारीख घेऊन टाकू. तुम्ही म्हणालात, "मी सोडला."

"काय सोडला?"

"ऑपरेशन. चारात एक नाई म्हणते तो. हिसाबानं सोडाचंच आहे."

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की पुढच्या बाकावरची म्हातारी वळून पाहू लागली. "जिंदगीभर दहात एक नसला तरी घेत आले तुमी! आता कायले हिसाब आठवला तुमाले?"

"तो खेळ होता वो."

"अन् हे काय होय?"

"हा सामना होय."

तेव्हा मी तुमचंच हत्यार तुमच्यावर उचललं. सुनंदा, सात गुणांचा सामना, म्हणजे आधी सात करील तो जिंकला, असा असला की हिशेब बदलतो, प्रत्येक गुणाची किंमत सारखी राहत नाही. समोरच्याला जिंकायला एकच गुण हवा असेल, तर मागे राहिलेल्यानं पहिल्याच संधीला दुप्पट टाकायची. तो डाव हरला तर सामना तसाही गेला, मग एक गुणानं गेला काय आणि दोन गुणांनी गेला काय? हे तुझ्या बाबूजींनीच मला शिकवलेलं. मी म्हणाले, "समोरच्याले एकच पायजे आता. मंग टाका ना दुप्पट! आपलं जाचं काय आहे?"

बाहेर शहापूर आलं होतं. रस्त्याच्या कडेला आपलीच शेतं, धान निसवत होतं, लोंब्या नुकत्याच बाहेर पडत होत्या. तुम्ही त्यांच्याकडे पाहत म्हणालात, "माह्याजवळ जाचं आहे वो. गंज आहे, भरपूर आहे."

फुटाण्याची पुडी तुम्ही माझ्यापुढे धरलीत. मी घेतली नाही. भंडाऱ्याहून तुमसरच्या गाडीत मी मुद्दाम दुसऱ्या बाकावर बसले. चार फुटाणे घेतले असते तर माझं काय गेलं असतं?

घरी आल्यावर तुम्ही म्हणालात, एक सामना खेळू, सात गुणांचा, सावकाश. गुण दाराच्या मागे खडूनं लिहू. मी म्हणाले, तुमच्याशी मला खेळायचं नाही. तुम्ही बोर्ड मांडलात आणि एकटेच बसून राहिलात. भाजी चुलीवर टाकली, उतरवली, तरी तुम्ही तसेच. शेवटी मी आले आणि पेला हातात घेतला.

तो सामना म्हणजे आपलं भांडणच होतं, फक्त सोंगट्यांनी केलेलं. कधी आठवड्यात दोन डाव व्हायचे, कधी एकही नाही. तुमच्या हातात जोर असेल तसं. पेल्यांच्या आवाजानं तुमचं डोकं दुखू लागलं तेव्हा मी आत फडक्याच्या चिंध्या दाबून बसवल्या. त्यानंतर घरात फासे वाजले नाहीत, नुसते पडत होते. सुमनबाईनं भिंतीपलीकडून विचारलं, खेळ बंद केला का?

मी सोडला की तुम्ही म्हणायचात, "पाय, तू बी सोडतं ना?"

मी म्हणायचे, "मी एक गुण सोडते. तुमच्यासारखं..." आणि पुढचं गिळून टाकायचे. ते वाक्य मी कधीच पुरं केलं नाही. आता करते. तुमच्यासारखं मी माझं माणूस सोडत नाही, असं मला म्हणायचं होतं. बरं झालं नाही म्हणाले. पण खोटं लिहीत नाही, वाटत होतं.

एकदाच तुम्ही आपणहून ऑपरेशनचा विषय काढलात. उशीला टेकून बसला होतात, डाव अर्ध्यावर होता. म्हणालात, "तिथं टेबलावर मी खेळणार नव्हतो वो. दुसरेच फासे टाकतीन, अन् मी नुसता पडून. इथं मी खेळून राहिलो." मग हलक्या आवाजात, "भेव बी लागे. तू तिथं दाराबाहेर असती."

इतक्या वर्षांत तुम्हाला भीती वाटते हे तुमच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मला जवळ येऊन बसायचं होतं. पण मी फासे टाकले. का, ते मला अजून कळत नाही. डाव माझा होता म्हणून असेल.

आणि तरीही तुमचं म्हणणं मला पटलेलं नाही, हे ऐकून ठेवा. डॉक्टर 'नाही' म्हणाले नव्हते, 'तेवढंही नाही' म्हणाले होते. त्या दोन्हींमध्ये एक फट उरते. तिच्यातून मी रोज आत डोकावते आणि तिथे तुम्ही धडधाकट उठून बसलेले दिसता, माझ्यावर चिडलेले, चहा मागणारे. भाऊजी म्हणतात, जे झालं ते चांगलं झालं, त्रास वाचला. मी मान हलवते. मनात म्हणते, तुम्हाला हो काय ठाऊक.

मी सहा गुणांवर पोचले तेव्हा तुमचे चार होते. कुणी सहावर पोचला की पुढच्या एका डावात चौसष्ट्या वापरायचा नाही, असा चोपड्यातला नियम. तो डाव तुम्ही जिंकलात. सहा-पाच. तुमचे डोळे लकाकले, आणि मला वाटलं, डॉक्टर चुकले. खरंच वाटलं.

मग तो शेवटचा डाव. ऊन उतरलं होतं. तुम्हाला पहिल्यालाच तीन-एक पडलं, सुरुवातीला याहून चांगलं दान नाही. माझं दान यथातथाच, बाजू जराशी तुमची वर. तुम्ही पेला खाली ठेवलात. चौसष्ट्या उचलायला तुम्हाला दोन्ही हात लागले. तो फिरवून दोनचा आकडा वर केलात आणि माझ्याकडे सरकवलात. तो मधल्या पट्टीला अडला, तेव्हा बोटानं पुन्हा ढकललात.

"घेतं का सोडतं?"

आणि मग, जे तुम्ही उभ्या आयुष्यात केलं नव्हतं ते केलंत. उत्तर सुचवलंत. "या खेपेस घे वो. मले शेवट पाहाचा आहे."

मी तुमच्याकडे पाहिलं नाही, बोर्डाकडे पाहिलं. हिशेब क्षणात झाला. मला एक गुण हवा, तुम्हाला दोन. घेतला, तर डाव दोन गुणांचा, कुणीही जिंको, सामना याच डावात संपणार. सोडला, तर तुमचे सहा, माझे सहा, आणि अजून एक डाव. नवा डाव बरोबरीचा असता, या डावात बाजू तुमची जराशी वर होती, म्हणजे चारात एकचा हिशेब इथे लागत नव्हता, सामन्याच्या तुमच्याच शिकवणीनं सोडणं बरोबर होतं. माझ्या स्वभावानंही. पण तुम्ही 'घे' म्हणाला होतात.

घ्यायचा, तर शेवट. सोडायचा, तर तुमचा शब्द मोडायचा, आणि पुढचा डाव मांडायला तुमच्या हातात जोर उरेल याची खात्री नाही.

तेवढ्यात मला तिसरा रस्ता दिसला. दुप्पट टाकल्यावर उत्तर येईपर्यंत उठायचं नाही. मी उत्तरच दिलं नाही, तर तुम्ही उठणार कसे?

हसा. पण त्या घटकेला मला ते अगदी पक्कं वाटलं होतं. पिंजऱ्यात माणसं टांगलेली असताना तुम्ही लिव्हरवरचा हात कधी काढला नाहीत. मग आता तरी कसा काढाल?

मी म्हणाले, "मले इचार करू द्या."

"कर. मी कुठं चाललो?"

अंधारू लागलं तरी दिवा लावायला मी उठले नाही. सुमनबाई वाटीभर कढी घेऊन आली, तिला मी हातानंच परत जा म्हणाले. तुम्ही पाहत होतात. तुम्हाला कळलं होतं, मला ठाऊक आहे. तुमच्या ओठांच्या कोपऱ्यात ते पळपुटीचं हसू आलं होतं. पण तुम्ही घाई केली नाहीत. पोचा आलेला पेला मांडीवर धरून तुम्ही डोळे मिटलेत, आणि मी समोर बसून राहिले, पायाला मुंग्या येईपर्यंत.

सकाळी तुमचा श्वास बदलला. खाणीची जीप आली. भंडाऱ्याच्या रस्त्यावर तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. एकदा डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंत आणि ओठ हलले. आवाज आला नाही. मला आवाजाची गरज नव्हती.

"इचार करून राहिली," मी म्हणाले. "तुमी थांबा."

थांबला नाहीत. पहिल्यांदा नियम मोडलात आणि उठलात. घंटा वाजलेली असताना, उत्तर आलेलं नसताना. दवाखान्यात सगळ्या बाया रडत होत्या आणि मला रडूच येईना, कारण मला राग आला होता. असा राग मला नागपूरच्या गाडीतसुद्धा आला नव्हता. सुनंदा म्हणाली, आई, रड. मी तिला म्हणाले, तुझ्या बापाला विचार, नियम कुणी केला होता?

आता राग उतरला आहे. सगळा नाही. आज सामान बांधताना एकटीच बोर्डापुढे बसले आणि तुमच्या बाजूनं डाव पाहिला. स्टुलाच्या पलीकडे जाऊन, तुमच्या जागी. तिथून खिडकी दिसत नाही हे मला माहीतच नव्हतं. तिथून दिसते चूल, दार, आणि समोर बसणारी मी. इतके महिने तुम्ही हे पाहत होतात. 'गंज आहे' म्हणालात ते हेच असेल, तर मग काय बोलणार? हिशेब चुकला असं मी अजूनही म्हणेन. पण कशासाठी केलात ते कळलं. तुम्ही एक डाव सोडून बाकीचे मागून घेतलेत. दसऱ्यापासून होळीपर्यंत, दाराच्या मागे खडूच्या अकरा रेघा झाल्या आहेत. त्या प्रत्येकीला तुम्ही माझ्यासमोर बसलेले होतात, मी बोलत नव्हते तेव्हासुद्धा.

तर ऐका. तुम्ही घे म्हणाला होतात. तुमची इच्छा मोडू नये, असं चार जणी सांगतील. पण मी नागपूरच्या गाडीत पोटतिडकीनं घ्या म्हणाले होते, तेव्हा तुम्ही सोडलात. आता तुम्ही घे म्हणता, आणि मी सोडते. फिट्टंफाट. पळपुटी म्हणा, खुशाल म्हणा, मोठ्यानं म्हणा.

सोडला.

दाराच्या मागे तुमच्या बाजूला मी आताच एक रेघ ओढली आहे. सहा-सहा. दार इथेच राहील, पण एवढा आकडा माझ्या लक्षात राहील. दोघांनाही एकच गुण हवा असला की दुप्पट करण्यात अर्थ नसतो, म्हणून चौसष्ट्या चौसष्ट वर करून पेटीत ठेवला. आता कुणी कुणाला काही विचारायचं नाही. पेल्यांमधल्या चिंध्या ओढून काढल्या. जुना डाव मोडून सोंगट्या नव्यानं मांडून पाहिल्या, माझ्या आणि तुमच्याही. उद्या मिटून नेईन आणि शहापूरला ओसरीवर पुन्हा अशाच मांडेन.

पहिली खेळी कुणाची, हे ठरवायला दोघांनी एकेक फासा टाकायचा असतो, ज्याचा मोठा पडेल त्याची खेळी. मी माझा टाकला. भिंतीपलीकडे सुमनबाई भांडी घासता घासता थांबली, म्हणजे तिलाही ऐकू गेलं. दोन पडले, लहानच आहे, तुम्हाला सोपं जाईल.

तुमचा फासा पोचा आलेल्या पेल्यात ठेवला आहे.